खेळाचे व्यसन आणि प्रत्याहार

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ या विकाराचा समावेश केला. खेळावरील ताबा सुटणे, झोप, जेवण, अभ्यास यांहून खेळ मोठा होणे आणि हानी दिसत असूनही खेळत राहणे ही त्याची लक्षणे. तीही साधारणतः वर्षभर टिकून असावी लागतात. तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी मोबाइल हातात दिसताच मुलाला व्यसनी ठरविणाऱ्या पालकांनी जरा दमाने घ्यावे. मात्र विकार खरा आहे. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१४ मध्येच तंत्रज्ञानाच्या अतिरेकी वापरावरील उपचारांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले, ते काही हौसेने नव्हे.

बंदीचा उपाय सर्वांना प्रथम सुचतो. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळास मोकळा ठेवला. भारताने सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी त्याच घडणीचा खेळ नव्या नावाने मुलांच्या हाती आला. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध २०२५ मध्ये संसदेने कायदा केला, तो स्वागतार्हच आहे. परंतु चौदा वर्षांचा मुलगा बहुधा फुकटच्या खेळात अडकलेला असतो. तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही.

हे खेळ मुलाला धरून ठेवतात ते दोन गोष्टींनी. बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित असते, म्हणून ‘आणखी एक डाव’ संपत नाही. आणि पलीकडे सवंगडी वाट पाहत असतात. घरात एकुलता एक मूल, आई-वडील कामावर, इमारतीखालचे अंगण वाहनांनी व्यापलेले. अशा वेळी ती संगत खोटी कशी म्हणावी? मोबाइल हिसकावून घेणारा बाप मुलाचे मित्रही हिसकावून घेत असतो, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

पतंजलींच्या अष्टांगयोगातील पाचवे अंग प्रत्याहार हे आहे. इंद्रियांना विषयांपासून मागे वळविण्याची ही शक्ती नेमकी या मुलांना हवी आहे. परंतु यम, नियम, आसन, प्राणायाम यांनंतर तिचा क्रम लागतो, हे उत्साही पालक विसरतात आणि बिथरलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी डोळे मिटून ध्यानास बसवितात. मिटल्या डोळ्यांपुढे त्याला खेळच दिसणार! आरंभ घाम काढणाऱ्या सूर्यनमस्कारांनीच व्हावा. मग दीर्घ, संथ श्वसन. रात्री निजण्यापूर्वी शवासन. जागरणाने विसकटलेली झोप रुळावर आली, तर निम्मे काम झाले म्हणावयाचे. वेळही पहाटेपेक्षा सायंकाळची बरी, कारण मन खेळाकडे धावते ते त्याच प्रहरी.

महाराष्ट्राला हे कोणी बाहेरून शिकवावयास नको. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार रूढ केले. पण त्याआधी ते स्वतः नित्य नमस्कार घालीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे परिणाम प्रयोगशाळेत तपासावयास घेतले. या दोन्ही परंपरांपासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. जेवणाच्या ताटावर मोबाइल चाळणाऱ्या पित्याने मुलाला योगवर्गास धाडणे हा औंधचा मार्ग नव्हे. आणि योगाने सारे विकार हटतात अशी ग्वाही देत फिरणे कुवलयानंदांना रुचले नसते. मूल शाळा सोडू लागले, हिंसक झाले वा जीव देण्याची भाषा करू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे विनाविलंब जावे. योग त्या उपचाराच्या जोडीला राहील.

राहिला प्रश्न संगतीचा, आणि येथे कार्यकर्त्यांचे काम आहे. एकट्याने चटईवर केलेली आसने पाचव्या दिवशी सुटतात. दहा मुले एकत्र आली की टिकतात. सायंशाखेत नमस्कारांनंतर कबड्डीचा डाव रंगतो, दोन दिवस न आलेल्याच्या दारावर कोणीतरी थाप मारतो. रथसप्तमीला सामूहिक सूर्यनमस्कारांचे आकडे मोजण्यात पुष्कळ शक्ती खर्च होते. त्यातील थोडी अशा घरांच्या जिन्यांवर खर्च व्हावी. मुलगा पहिल्या खेपेस दार उघडणार नाही, दुसऱ्या खेपेस ‘अभ्यास आहे’ म्हणेल. तिसऱ्यांदा जावे, आणि जाताना त्याच्याच वयाचा सोबती बरोबर न्यावा.