फक्की मारणारा पोरगा

मैदानाच्या कडेने | मैदानकर, मुदखेड

गेल्या रविवारी मुदखेडात टेनिस बॉलच्या स्पर्धेची फायनल होती. मी सातलाच मैदानावर पोचलो. सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा खेळपट्टीवर पाणी मारत होता. पाणी मुरल्यावर त्याने रोलर ओढला, मग सुतळी ताणून गुडघ्यावर बसला आणि फक्कीने क्रीज आखली. आपली काळी माती पाणी जास्त झालं की चिकटते, कमी पडलं की भेगाळते. त्याचा हात नेमका थांबत होता. संध्याकाळी बक्षीसवाटपात पाहुण्यांपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले गेले. या पोराचं नाव कोणी घेतलं नाही.

मला बाळू पालवणकर आठवले.

धारवाडात जन्मलेले, चांभार समाजातले बाळू पुण्याच्या मैदानावर आले ते नोकर म्हणून. आधी पारशांच्या क्लबात महिना ३ रुपये, मग साहेबांच्या क्लबात ४. रोलर फिरवायचा, जाळी बांधायची, खेळपट्टी तयार करायची आणि नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज तासन्‌तास त्यांच्यापुढे सराव करी. बॅट मात्र बाळूंच्या हाती कोणी दिली नाही. त्या हजारो चेंडूंतून त्यांची डावखुरी फिरकी घडली. साहेबांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना घेतलं खरं, पण चहाच्या वेळी ते पॅव्हेलियनबाहेर, हातात मातीचं भांडं. त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांना चालत होता.

फेब्रुवारी १९०६, मुंबई. हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदूंचे २४२ आणि १६०, साहेबांचे १९१. शेवटच्या डावात त्यांना २१२ हवे होते; बाळूंच्या गोलंदाजीपुढे ते १०२ वर आटोपले. १०९ धावांनी विजय! बाळूंचा भाऊ शिवरामही त्या संघात होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या संघातून बाळू इंग्लंडला गेले. संघ हरत राहिला, बाळूंनी शंभरावर बळी घेतले. एवढं करूनही हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांना नेमलं नाही ते नाहीच. तो मान १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाला, आणि त्या वर्षी संघ जिंकला.

यात जात होती, ती झाकून बोलू नये. पण तिच्याच पोटात आणखी एक खोड आहे: मैदानावर घाम गाळणाऱ्याला खेळाडू समजायचं नाही. ती आपल्या तालुक्यात आजही आहे. माझं मागणं साधं आहे. एंट्री फीमधून सगळ्यात आधी खेळपट्टी करणाऱ्याची मजुरी द्या. पत्रकावर पाहुण्यांच्या नावाखाली त्याचं नाव छापा. आणि त्याला एकदा बॉल टाकायला लावा.

मी लावला. सामने उरकल्यावर त्याला विचारलं, बॉलिंग येते का? तो म्हणाला, "येते की काका. पण टीममधी घेतंय कोण?" फक्कीचा हात पँटला पुसून त्याने सहा चेंडू टाकले. त्यातले दोन असे वळले की यष्टिरक्षण करणारा पोरगा नुसता बघत राहिला.

पुढच्या स्पर्धेची नावनोंदणी दिवाळीनंतर आहे. त्या दिवशी मी त्याला घेऊन टेबलापाशी उभा असेन.