कडक म्हणजे नक्की किती?

आपल्याकडे ‘कडक’ हे कौतुक असतं. चहा कडक, बुलेटचा आवाज कडक, गॅदरिंगला मित्राने केलेला डान्स तर एकदमच कडक! म्हणूनच पुण्यातल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीच्या फळ्यावर ‘लिमिटेड रिलीज, स्ट्राँग, ८ टक्के’ असं खडूने लिहिलेलं दिसलं, की ग्रुपमधला एकजण हमखास म्हणतो, “आज हीच घेऊ. बघू कोणाला झेपतेय!”

माझं म्हणणं एवढंच आहे, की तो आकडा म्हणजे आव्हान नाही, माहिती आहे. आणि ती माहिती वाचायला आपल्याइतकं तयार दुसरं कोणी नाही.

आपल्याइतकं म्हणजे? मी पुणतांब्याची. आमच्याकडे टक्के समजायला गणिताचा क्लास लावावा लागत नाही. डेअरीवर दूध घातलं की पहिला प्रश्न, फॅट किती लागली? गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर धरला जातो. उसाचं गणित साखर उताऱ्यावर. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी ठरवली होती. १ जून २०१७ ला शेतकरी संप आमच्या गावातून सुरू झाला, तेव्हा कर्जमाफीसोबत दुधाच्या भावाचीही मागणी होती. ज्या घरात पॉइंट दोन फॅटवरून वाद होतो, त्या घरातली पोरं पुण्यात आल्यावर ८ टक्के हा आकडा नुसता बघतात आणि ग्लास उचलतात, हे काही पटत नाही.

मग वाचूया ना तो आकडा. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे ५ टक्क्यांपर्यंतची बिअर साधी, त्यावर ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. अर्ध्या लिटरच्या ग्लासात ८ टक्के म्हणजे ४० मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ते जेमतेम १३ मिली असतं. म्हणजे एक ग्लास बिअर साधारण तीन पेग! ‘बिअरच तर आहे’ म्हणत दोन ग्लास रिचवणारा सहा पेग पिऊन बसलेला असतो, आणि खिशात गाडीची चावी असते. एका ग्लासाचा निचरा व्हायला शरीराला साधारण चार तास लागतात. लिंबूपाणी, कॉफी, तोंडावर गार पाणी, कशानेही तो वेळ कमी होत नाही. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हे झालं पोलिसांनी पकडलं तर. ट्रक समोर आला तर कुठला दंड भरणार?

तुम्ही म्हणाल, मग अशी बिअर बनवतातच कशाला? चवीसाठी. मी अशी एक काळीभोर बिअर चाखली आहे. गारेगार होती तेव्हा नुसती कडू लागली. ग्लास बाजूला ठेवून दहा मिनिटं गप्पा मारल्या. मग पुढच्या घोटात काकवी वर आली, त्यामागे करपलेल्या बाजरीच्या भाकरीचा काठ, थोडी कॉफी आणि शेवटी छातीत हलकी ऊब. टक्के वाढवायचे तर माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेलं जव, जास्त घालावं लागतं. यीस्ट त्यातली साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं, पण सगळी साखर संपत नाही. उरलेला गोडवा अल्कोहोलची धार झाकतो. गंमत तीच आणि धोकाही तोच, कारण जिभेला टक्के कळत नाहीत.

अशी बिअर लोणच्यासारखी मुरावी लागते. तेवढे दिवस टाकी अडून राहते, म्हणून ती थोडीच बनते. बेल्जियममधल्या सेंट सिक्स्टस मठातले साधू वेस्टव्लेटेरेन १२ नावाची सुमारे १० टक्क्यांची बिअर बनवतात. मठाचा खर्च भागेल एवढीच. जगभरातून मागणी असूनही ते उत्पादन वाढवत नाहीत. तिथे ‘लिमिटेड’चा अर्थ ‘पुरे’ असा आहे. आपण त्याचा अर्थ ‘संपायच्या आत अजून एक’ असा करून ठेवलाय.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, तेव्हापासून ताज्या बिअरची ही नवलाई आपल्याकडे रुजली. हा शब्द मूळचा आपल्या देवळालीचा. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत कंटाळून डोकं फिरलेल्या ब्रिटिश सैनिकांवरून तो इंग्रजीत गेला. ग्लास नवा आला, पण पिण्याची रीत जुनीच राहिली. गावाकडे दारू लपून, घाईत, उसाच्या आडोशाला प्यायली जाते आणि प्रश्न एकच असतो, “चढली का?” शहरात दिवे मंद असतात, बिल चौपट येतं आणि प्रश्न मात्र तोच!

म्हणून दोन गोष्टी मागूया. मायक्रोब्रुअरीवाल्यांनी फळ्यावर टक्क्यांशेजारी मिलीही तितक्याच मोठ्या अक्षरात लिहावेत आणि स्ट्राँग बिअर २०० मिलीच्याच ग्लासात द्यावी. त्यात १६ मिली अल्कोहोल होतं, म्हणजे सव्वा पेग. चव घ्यायला तेवढं भरपूर आहे. दुसरी मागणी आपल्याच ग्रुपकडे. राज्यात सौम्य बिअरसाठीही २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूसाठी २५, शिवाय परवाना. ज्याचं वय बसत नाही, ज्याला गाडी चालवायचीय किंवा ज्याला नुसतंच नकोय, त्याच्या ‘नाही’ला कारण विचारू नका.

फॅट कमी लागली की डेअरीवाल्याला जाब विचारणारी माणसं आपण. ग्लास हातात आल्यावर तेवढाच हिशेबीपणा दाखवला, तर कोणी आपल्याला कच्चं म्हणणार नाही. आणि म्हटलंच, तर त्याला ४० भागिले १३ करायला सांगा.