सव्वादोन तासांतले खरे किती?

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर साधारण १,१४० किलोमीटर. एअरबस ए-३२० उंचीवर स्थिरावलं की ताशी आठशेच्या पुढे जातं. चढण-उतरण धरूनही पावणेदोन तास पुरावेत. तिकिटावर मात्र सव्वादोन तास छापलेले असतात, कधी त्याहूनही जास्त.

यातला बराचसा भाग रास्त आहे. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीआधीची रांग, वळणावळणाचा हवाईमार्ग, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात आलं. आकाशातही सरळ रेघ मारता येत नाही. लष्कराची राखीव क्षेत्रं टाळून जावं लागतं. देशाचं जेमतेम ६० टक्के आकाश नागरी विमानांना मोकळं आहे, असं खुद्द अर्थमंत्र्यांनीच २०२० मध्ये सांगितलं होतं. आणि मुंबई तर मुंबईच! सांताक्रूझच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात. शहरावर विमानं चाळीस ते साठ मिनिटं घिरट्या घालताहेत, असं म्हणत फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने गर्दीच्या वेळची विमानांची ये-जा तासाला ४६ वरून ४४ वर आणली. वाऱ्याचा हिशेबही खराच. हिवाळ्यात कोलकात्याला जाताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, मुंबईला परतताना तोच तोंडावर येतो आणि वीस-पंचवीस मिनिटं सहज खातो.

माझा आक्षेप उरलेल्या मिनिटांवर आहे. नियोजित वेळेपेक्षा पंधरा मिनिटांपर्यंत उशीर झाला तरी नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) हिशेबात ते विमान वेळेवरच. मग कंपनीने वेळापत्रकात आणखी दहा मिनिटं घातली, की काही न सुधारता वक्तशीरपणा सुधारतो. रेल्वे हेच शेवटच्या स्थानकाआधी करते, आणि नेहमीच्या प्रवाशाला ते पाठ असतं. विमानात मात्र ‘नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचलो’ अशी घोषणा होते आणि आपण खूश होतो. आपल्याच खिशातली मिनिटं आपल्याला बक्षीस म्हणून मिळालेली असतात, हे कुणी सांगत नाही. वर सामानाच्या पट्ट्याशी अर्धा तास उभं राहावं लागतं. तो तर कुठल्याच हिशेबात नाही.

डीजीसीए दर महिन्याला वक्तशीरपणाचे आकडे देतं. त्याच तक्त्यात प्रत्येक मार्गावर विमान प्रत्यक्ष किती वेळ हवेत होतं, याचा एक रकाना घालायला काय हरकत आहे? टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळांची नोंद होतेच. ती फक्त छापायची आहे. तोवर पुढचं विमान गाठायचं असेल, तर तिकिटावरच्या वेळेवर विसंबू नका. फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर आपल्या विमानाचा क्रमांक टाका, मागच्या आठवड्यात ते रोज खरंच किती वाजता उतरलं ते बघा, आणि मगच पुढचं तिकीट काढा.