मुक्त डेटाबेसचा मालक कोण?

बँकेतील खाते असो वा रेल्वेचे आरक्षण, आजच्या व्यवहारातील प्रत्येक नोंद कोठल्या ना कोठल्या डेटाबेसमध्ये जाऊन बसते. या क्षेत्रात एकेकाळी मोजक्या कंपन्यांच्या महागड्या परवान्यांचे राज्य होते. ‘मायएसक्यूएल’ आणि ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ या मुक्त स्रोत प्रणालींनी ते मोडीत काढले. मात्र मुक्त म्हणवणाऱ्या साऱ्याच प्रणाली सारख्याच मुक्त नसतात, हे गेल्या दीड दशकाने दाखवून दिले आहे.

‘मायएसक्यूएल’चा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. २००८ मध्ये ‘सन मायक्रोसिस्टिम्स’ने सुमारे एक अब्ज डॉलर मोजून ती घेतली आणि २०१० मध्ये खुद्द ‘सन’च ‘ओरॅकल’च्या ताब्यात गेली. परवान्यांच्या विक्रीवर मोठी झालेली कंपनीच मुक्त प्रतिस्पर्ध्याची मालक झाली! मूळ जनकांपैकी मायकेल विडेनिअस यांनी ही वेळ ओळखून ‘मारियाडीबी’ची वेगळी चूल मांडली. स्रोत खुला असल्यानेच हे शक्य झाले. पण नाव आणि मालकी हातून गेली ती गेलीच.

‘पोस्टग्रेएसक्यूएल’ची घडण निराळी. बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून जन्मलेल्या या प्रणालीला कोणी एक मालकच नाही. २०२० मध्ये ‘एन्टरप्राइझडीबी’ने ‘सेकंडक्वाड्रंट’ ही कंपनी घेतली, तेव्हा मध्यवर्ती गटातील पाचांपैकी तिघे एकाच कंपनीचे नोकर ठरले. त्यावर दोन नवे सदस्य घेऊन समतोल साधण्यात आला. २०२५ मध्ये ‘डेटाब्रिक्स’ने ‘निऑन’, तर ‘स्नोफ्लेक’ने ‘क्रंची डेटा’ विकत घेतली. विकल्या गेल्या त्या या प्रणालीवर व्यवसाय करणाऱ्या कंपन्या, प्रणाली नव्हे. तथापि तिचे अनेक प्रमुख प्रोग्रामर अशाच कंपन्यांचे वेतन घेतात. त्यामुळे सावधगिरीची गरज संपलेली नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या अठराव्या आवृत्तीने डिस्कवरील वाचनाची पद्धतच बदलली. एका वाचनाची वाट पाहत न थांबता पुढील मागण्या आधीच पाठवता येत असल्याने काही प्रसंगी वेग तिपटीपर्यंत वाढतो. नव्या आवृत्तीकडे जाताना जुनी सांख्यिकी टिकून राहते, हीही मोठी सोय. प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. त्यानंतर बदल करणे क्रमप्राप्तच.

हा बदल करणारी माणसे कोठून येणार, हा खरा प्रश्न. साधनांची वानवा नाही. प्रत्येक आवृत्तीची सविस्तर, विनामूल्य नियमपुस्तिका उपलब्ध आहे. जगभर अभ्यासल्या जाणाऱ्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या ग्रंथाचे एक लेखक एस. सुदर्शन हे मुंबई आयआयटीचे, तर याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठीतही आणले. मात्र ‘सिलेक्ट’ची वाक्ये घोकून भागणार नाही. ‘एक्स्प्लेन’ने दिलेला आराखडा वाचणे आणि साठवलेल्या प्रतीवरून डेटाबेस पुन्हा उभा करून पाहणे, हे साध्या संगणकावरही शिकता येते.

केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त स्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. परंतु परवान्याचे पैसे वाचले म्हणजे परावलंबन संपत नाही. प्रणाली आतून जाणणारी माणसे नसतील, तर जुन्या मालकाच्या जागी नवा सेवापुरवठादार येईल, एवढेच.