हळदीचा डाग आणि एक प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या शाळेत पाचवी-सहावीच्या तीसेक मुलांसमोर उभा होतो. हातात पांढरं कापड, त्यावर हळदीचा डाग. विचारलं, "यावर कपडे धुण्याचा साबण घासला तर काय होईल?" "डाग जाईल!" सगळे ओरडले. साबण घासला आणि डाग विटकरी लाल झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "अम्मी कपडे धुते तेव्हा असंच होतं. पण का होतं, ते कुणी सांगितलंच नाही."

मलाही कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेला बहुतेक वेळा कुलूप असायचं. प्रयोगवही आम्ही वरच्या वर्गातल्या मुलांची बघून उतरवायचो. तरीही गुण मिळाले, इंजिनिअर झालो. नोकरीत पहिला प्रोग्राम बिघडला तेव्हा मात्र घाम फुटला, कारण त्याचं उत्तर कोणत्याच गाईडमध्ये नव्हतं. अंदाज बांधायचा, तपासायचा, चुकला तर दुसरा बांधायचा, हे मी बाविसाव्या वर्षी शिकलो. दहाव्या वर्षीही शिकता आलं असतं.

हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळं राहतं, अल्कलीत लाल होतं. लाल डागावर लिंबू पिळा, तो पुन्हा पिवळा होतो.

आपल्याकडे विज्ञानाचा विषय निघाला की भाषण जाबिर बिन हय्यानपासून सुरू होतं. अभिमान जरूर असावा, पण टाळ्या वाजवून घरी गेलेल्या मुलाच्या हाती काय लागतं? मी एवढंच सांगितलं की 'अल्कली' हा शब्द अरबीतल्या 'अल-क़ली'वरून आला. त्याचा अर्थ खाऱ्या वनस्पतींची राख. मग चुलीतली राख पाण्यात ढवळली, गाळली आणि थेंब हळदीवर टाकला. लाल! एक मुलगा उठला, "भाई, म्हणून नानी राखेनं भांडी घासायची का?" मी उत्तर दिलं नाही. तेलकट वाटी आणि राख त्याच्या हातात दिली.

काही शिक्षक म्हणतात, हा तमाशा आहे, अभ्यासक्रम कधी संपवायचा? नुसता फेस काढून दाखवला तर तो तमाशाच. पण आधी प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर लिहा, चुकलेल्या अंदाजाला हसू नका, म्हणजे तोच प्रयोग विज्ञान होतो. बुकबाइंडरकडे उमेदवारी करत वाढलेल्या मायकल फॅरडेनं १८६० च्या नाताळात लंडनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली, तीही एका मेणबत्तीवर. साधन लहान असलं तरी चालतं, प्रश्न खरा हवा.

दोस्तांनो, आपल्यात इंजिनिअर, फार्मासिस्ट, बीएस्सी झालेले कमी नाहीत. येत्या रविवारी गल्लीतली पाच मुलं, हळद, साबण आणि लिंबू एवढं जमवा. मुलींना पुढे बसवा. आणि एक पथ्य पाळा: मुलांनी विचारण्याआधी उत्तर देऊ नका.