दुपार कलताना स्टायनर स्ट्रीट

मुखपृष्ठावर सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टायनर स्ट्रीटवरची लाकडी घरांची रांग आहे. मॅथ्यू कॅव्हनॉ या बिल्डरने ती १८९० च्या दशकात बांधली. १९०६ च्या भूकंपातून आणि त्यामागोमाग लागलेल्या आगीतूनही ती वाचली. घरांची तोंडं पश्चिमेला. त्यामुळे सकाळी गेलात, तर दर्शनी भाग सावलीत आणि मागचं आकाश भगभगीत. आमच्या छायाचित्रकाराने पहिल्या दिवशी नेमकं हेच केलं! दुसऱ्या दिवशी तो समोरच्या अलामो स्क्वेअर बागेच्या उतारावर दुपार कलण्याची वाट बघत बसला. तिरपं ऊन आलं आणि खिडक्यांच्या चौकटींवरची, त्रिकोणी माथ्यांवरची नक्षी उठून दिसू लागली.

रंगांचं मात्र जपून बोलावं. अशी घरं तीन-चार रंगांत नटवण्याची लाट तिथे १९६० च्या दशकातली, आणि ‘पेंटेड लेडीज’ हे नाव रूढ झालं १९७८ च्या एका पुस्तकामुळे. जुना काळ म्हणून आपण टिपतो, त्यातला बराचसा आपल्याच हयातीतला.

एका छायाचित्रात खालच्या खिडकीचा पडदा घाईघाईने ओढला जातोय. तिथे माणसं राहतात. ते आम्ही छापलेलं नाही.