परमुलखातील संकट आणि आपले दान

25 एप्रिल 2015 रोजी गोरखा जिल्ह्यात केंद्र असलेल्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपाने नेपाळात सुमारे 9,000 माणसे प्राणास मुकली आणि लाखो घरे भुईसपाट झाली, तेव्हा आपला मराठवाडा स्वतःच लागोपाठच्या अवर्षणाने गांजलेला होता. आणि आपल्याच घागरी रिकाम्या असता दुसऱ्या देशाची चिंता आपण का वाहावी, हा सवाल जालन्यासारख्या जिल्ह्यात त्या काळी कोणी केला असेल, तर त्यात निष्ठुरपणापेक्षा थकवाच अधिक होता. त्या सवालाला माझे उत्तर एवढेच आहे की, ज्याने स्वतः दुष्काळ सोसला त्याच्यावर देण्याची सक्ती नसली, तरी काय द्यावे आणि कसे द्यावे याचे ज्ञान मात्र त्याच्याइतके दुसऱ्या कोणापाशी नसते.

आपत्तीची वार्ता येताच आपल्याकडे प्रथम जुने कपडे गोळा होऊ लागतात. हेतू निर्मळ असतो. परंतु गाठोडे सोडून पाहिले, तर हुक तुटलेली पोलकी, डोंगरातल्या बाईने कधीच न नेसलेली जरीची पातळे आणि जोडीदार हरवलेला एखादा बूट बाहेर निघतो. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टणमच्या किनाऱ्यावर अशा कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत, कुजत पडले आणि ते हलविण्याचे काम आधीच बेजार झालेल्या प्रशासनाच्या माथी आले. परदेशाच्या बाबतीत तर हे ओझे दुप्पट होते. काठमांडूच्या विमानतळाला एकच धावपट्टी. मदतीच्या जड विमानांनी तिला भेगा पडू लागल्या, म्हणून 2015 च्या मे महिन्याच्या आरंभी मोठ्या विमानांना तेथे उतरण्याची मनाई करावी लागली. ज्या वाटेने औषधे, तंबू आणि शस्त्रक्रियेची हत्यारे जायची, त्या वाटेवर आपले गाठोडे जागा अडवून बसते, हे देणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

म्हणून द्यायचे ते रोख द्यावे. 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिळालेला परदेशी तांबडा मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, आणि दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी आपल्याकडील वडीलधाऱ्यांना अजून आठवते. पांढऱ्या शाळूची भाकरी खाणाऱ्या माणसांनी तो मिलो नाक मुरडून का होईना खाल्ला. त्याने जीव जगले, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. परंतु जालना तालुका त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असताना, खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलावांवर माती वाहणाऱ्या बायाबापड्यांना ज्याने खऱ्या अर्थाने तारले, ते हजेरीपटावर अंगठा उठवून हाती पडलेले मजुरीचे पैसे होते. त्या मजुरीतून कोणी तेलमीठ आणले, कोणी जनावराला कडबा घेतला, कोणी सावकाराचे व्याज भागविले. आपली नड काय आहे हे ठरविण्याचा अधिकार त्या कुटुंबाकडेच राहिला. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे राबत होती, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे 1977 मध्ये कायद्याचे अधिष्ठान मिळाले. स्वतःच्या मुलखात हे पाहिलेल्या समाजाने नेपाळी किंवा अन्य परदेशी माणसाच्या शहाणपणावर तेवढाच भरवसा ठेवू नये, याला कोणतेही कारण मला दिसत नाही.

पैसे पाठविण्याची तजवीजही अवघड नाही. 1920 च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय रेडक्रॉस सोसायटी आहे. 1948 पासून चालत आलेला पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आहे, ज्यातील देणगीस आयकराच्या जुन्या करप्रणालीत पूर्ण सूट मिळते. भ्रमणध्वनीवर अचानक अवतरणाऱ्या, रडत्या बालकाचे चित्र लावलेल्या अनोळखी खात्याला मात्र, खातेदाराचे नाव आणि संस्थेची नोंदणी तपासल्यावाचून, एक रुपयाही देऊ नये.

आता ज्याकडे आपले सर्वांत कमी लक्ष जाते, त्या गोष्टीकडे वळतो. मोंढ्यात रात्री काठी आपटीत, शिटी वाजवीत फिरणारा आणि महिना भरला की दुकानोदुकानी आपली ठरीव रक्कम मागत येणारा गुरखा, ज्याचे खरे नाव न विचारताच आपण त्याला ‘बहादूर’ म्हणून मोकळे होतो, तो बहुधा त्याच नेपाळातला असतो. त्याच्या गावचे घर पडल्यावर त्याला मनमाडला गाडी बदलून गोरखपूर, तेथून सुनौलीची हद्द आणि पुढे डोंगरातली मोडलेली वाट असा प्रवास करावयाचा असतो, आणि खिशात कोणाकडून तरी उसने घेतलेले भाडे असते. बाजारपेठेतील दुकानदारांनी मिळून त्याला दोन महिन्यांची रक्कम आगाऊ द्यावी, आणि त्याची जागा दुसऱ्याला न देता तो परत येईपर्यंत राखून ठेवावी. या मदतीला ना विमान लागते, ना जकातीचा परवाना. ती थेट ढिगाऱ्यापाशी पोचते, आणि तिचा हिशेब माणूस स्वतः परत येऊन सांगू शकतो.

शेवटचा मुद्दा काळाचा. नेपाळात पुनर्बांधणीचे स्वतंत्र प्राधिकरण अस्तित्वात येऊन कामाला लागेपर्यंत 2015 साल संपत आले. दरम्यान पावसाळा जाऊन थंडी पडली, आणि हजारो कुटुंबे पत्र्याच्या आडोशालाच होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत भूकंपाने दगडमातीच्या भिंती माळवदासकट कोसळल्या, त्यानंतर लातूर-उस्मानाबादेतील गावे नव्या जागी उभी राहण्यास वर्षे लागली, आणि तोवर बाहेरच्या मदतनिसांची गर्दी केव्हाच ओसरली होती. तेव्हा गणेश मंडळाने, व्यापारी संघाने किंवा शाळेने परदेशातील आपत्तीसाठी निधी जमविला, तर त्यातील निम्मी रक्कम पहिल्या आठवड्यात रवाना करावी, उरलेली बँकेत स्वतंत्र खात्यावर ठेवून वर्षभराने, घरे बांधण्याचे काम प्रत्यक्ष सुरू झाल्यावर पाठवावी, आणि दोन्ही पावत्या वर्गणीदारांना दिसतील अशा फलकावर लावाव्यात.